बसवलेलं वय

"भाऊसाहेब, पोरीला सोळा पूर्ण झालीत, सतरावं चालू आहे. लग्न थांबवा. बालविवाह रोखायचा अधिकारी म्हणून सरकारनं तुम्हालाच नेमलंय," मी म्हणाले.

आमचे ग्रामसेवक हनवते भाऊसाहेब मांडवातल्या खुर्चीवर बसून सरबत पीत होते. लग्न थांबवायला आलेल्या माणसानं लग्नघरचं सरबत घ्यावं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि डोकं तिथूनच तापायला लागलं. त्यांच्याबरोबर तालुक्याहून एक पोलीस ताई आल्या होत्या. त्यांनी निदान पेला नुसताच हातात धरून ठेवला होता.

"बाई, घाई करू नका. मुंजाजी आपलाच माणूस आहे. कागद आणायला आत गेलाय," भाऊसाहेब म्हणाले.

मुंजाजी लाटे त्यांचाच माणूस होता, यात शंका नव्हती. सावरगव्हाण ग्रामपंचायतीचा तो पाणीवाला. टाकी भरायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि भाऊसाहेब गावात आले की फाईल धरून त्यांच्या मागे चालायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या थोरल्या मुलीचं, शिवकन्येचं, लग्न होतं. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. त्या दिवशी हळद. सकाळचे दहा वाजले होते, आणि हळदीला आलेली माणसं हळद सोडून माझ्याकडे बघत होती. गावची मास्तरीण पोलीस घेऊन लग्नघरी येते, एवढी करमणूक त्यांना वर्षभरात मिळाली नव्हती.

मी प्रमिला कुलथे. त्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत तेव्हा मला चौदा वर्षं झाली होती. शिवकन्या पहिलीपासून माझ्या हाताखाली शिकली, पुढे शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेली, आणि त्या मार्चमध्ये बारावी सायन्सचे पेपर देऊन निकालाची वाट बघत होती. तिला परभणीला कृषीच्या पदवीला जायचं होतं. जमिनीचा, बियाण्याचा तिला भारी नाद. शाळेच्या कुंपणाला लावलेली वालाची वेल चौथीत असताना तिनंच जगवली होती. मी सुट्टीत तालुक्याला माझ्या घरी होते. आदल्या दिवशी तिनं मावशीच्या फोनवरून मला फोन केला.

"बाई, परवा माझं लगीन हाय. मला करायचं न्हाई. आबाला सांगायला कुणीच तयार न्हाई. तुमी काही करता का?"

"काही करता का म्हणजे? करतेच," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मुलांच्या हेल्पलाइनचा दहा अठ्ठ्याण्णव लावला.

त्या वर्षी हे असं का झालं तेही सांगते. आधीच्या डिसेंबरात मुलींच्या लग्नाचं वय अठरावरून एकवीस करायचं विधेयक आलं होतं. नुसतं विधेयक. कायदा झाला नव्हता, माझ्या माहितीप्रमाणे आजही झालेला नाही. पण टीव्हीवर 'एकवीस' हा आकडा दिसला आणि आमच्या भागातल्या बापांनी धसका घेतला. आत्ता उरकलं नाही तर पोरगी आणखी तीन वर्षं घरात ठेवावी लागेल. मुली शिकाव्यात, स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून आणायचा कायदा, आणि तो येण्याआधीच त्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या अकरा पत्रिका माझ्या टेबलावर. मी एकेक पत्रिका उघडायची आणि सरकारला, बापांना, टीव्हीवाल्यांना शिव्या घालायची. मास्तरणीला येतात तेवढ्याच, पण मनापासून.

मुंजाजी बाहेर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल.

"बाई, तुमी गुरू माणूस. तुमाला उलटून बोलणं बरं न्हाई," तो म्हणाला. आवाज शांत होता. "पण मपल्या दारात पोलीस आणायच्या आधी मला एकदा इचारायचं तरी. मी काही चोरून करालो का? कायद्यानं अठरा पाहिजे. एक जूनला अठरा पूर्ण झाली. मग आठ तारखेचा मुहूर्त धरला. एक तारखेच्या आत करा म्हणून पाव्हणे अडून बसले होते, मी म्हणलं, न्हाई, कायदा म्हणजे कायदा."

"अन् एवढी घाई कशाला? निकाल तोंडावर आलाय तिचा."

"घाई न करू तर काय करू? उद्या एकवीसचा कायदा आला तर तीन साल पोरगी घरात. बाहेर शिकायला धाडली अन् काही कमीजास्त झालं, तर सरकार येणारे का निस्तरायला? तुमी येणार का?"

"मुंजाजी, कशाची अठरा?" माझा आवाज चढला. "ही वसुबारसेची पोर. तुमच्या आशामतीनं मला शंभरदा सांगितलंय. दोन हजार पाचची वसुबारस. बोटांवर मोजा."

"वसुबारस मला नका सांगू. कागद सांगतो ते खरं."

त्यानं फाईल भाऊसाहेबांपुढे धरली. भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि मांडवाला ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.

"शाळा सोडल्याचा दाखला. नाव, शिवकन्या मुंजाजी लाटे. जन्मतारीख, एक जून दोन हजार चार." मग ते थांबले. त्यांची नजर कागदाच्या तळाशी गेली. "बाई, ही सही कुणाची?"

मी कागद जवळजवळ ओढूनच घेतला. सही माझी होती. मुख्याध्यापिका, प्र. ग. कुलथे. आमच्या दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापिकाही मीच. आणि वरची तारीखही माझ्याच अक्षरात होती. फळ्यावर काढावं तसं ठसठशीत.

मी विसरले होते. कुणाला पटो न पटो, खरंच विसरले होते. आणि तो कागद हातात धरल्यावर बारा वर्षांपूर्वीचा जून जसाच्या तसा समोर आला.

दोन हजार दहा साल. शाळेचा पट सतरावर आला होता. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या आमच्या तेव्हाच्या केंद्रप्रमुखांनी बैठकीत सांगितलं, "पट वीसच्या खाली गेला तर शाळा टिकणार नाही. घरोघर फिरा. पोरं आणा. वय बसवा." 'वय बसवा' हा आमच्या खात्यातला नेहमीचा शब्द. पोर पाच वर्षांचं असो नाहीतर चारचं, रजिस्टरात सहा पूर्ण बसवायचं. जन्मतारीख कुणालाच नीट माहीत नसते, मग एक जून टाकायची, म्हणजे शाळा उघडताना हिशेब बरोबर लागतो. आमच्या पिढीच्या मास्तरांनी निम्मा ग्रामीण महाराष्ट्र एक जूनला जन्माला घातलाय.

मी फिरले. लाट्यांच्या दारात आशामती उभी होती, कडेवर धाकटं पोर, रानात निघालेली. "न्या बाई हिला," ती म्हणाली. "संगं नेली तर दिवसभर बांधावर बसती. घरी ठेवली तर धाकट्याला सांभाळती. तुमच्याकडं दोन अक्षरं तर शिकंल." शिवकन्या तेव्हा साडेचार वर्षांची. परकर कमरेवर राहत नव्हता, तो एका हातानं धरून ती माझ्या मागून शाळेत आली. मी तिचं वय बसवलं. आणखी दोघांचं बसवलं. पट वीस झाला, शाळा वाचली, आणि मला त्या दिवशी फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. पहिलीच्या रजिस्टरात लिहिलेली ती तारीख चौथीच्या दाखल्यावर गेली, तिथून हायस्कुलात, तिथून दहावीच्या सर्टिफिकेटवर, तिथून आधार कार्डावर. वाटेत कुणी तिला अडवलं नाही.

"मग बाई," मुंजाजी म्हणाला, "खोटं कोण बोलतंय? तवाच्या तुमी का आत्ताच्या तुमी?"

मांडवात हसू पिकलं. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. याचा गळा धरावा, की त्या केंद्रप्रमुखाचा, की स्वतःचा, ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात शिवकन्या दारात आली. अंगावर पिवळी साडी, ती तिला मोठी होत होती. "भाऊसाहेब, मी बोलू का?" ती म्हणाली.

"तुझ्या बोलण्यानं काही होत नाही बाळा. आधी तारीख बघावी लागते," भाऊसाहेब म्हणाले.

"तू आत जा गं," मीही म्हणाले. "मी बघते."

ती आत गेली.

भाऊसाहेब उठले आणि मला खुणेनं मांडवामागे घेऊन गेले. तिथे चुलवणावर भात शिजत होता.

"रिटायर व्हायला किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं."

"मग ऐका. तोंडी काही चालत नाही. कागदाला कागदच पाहिजे. रजिस्टरात खोटी तारीख मी टाकली, असं तुम्ही तुमच्या हातानं लिहून दिलं तर तासाभरात मांडव उतरवतो. पण तो कागद माझ्याजवळ राहत नाही बाई, वर जातो. चौकशी लागते. एकीची तारीख खोटी, तर बाकीच्यांच्या खऱ्या कशावरून, असं विचारतात. भाऊ म्हणून सांगतो, घरी जा. तशी पोरगी काही विहिरीत ढकलत नाहीत. जावई चांगला आहे."

माणूस वाईट नव्हता. भाऊ म्हणून सांगतो म्हणाला तेही खरंच होतं, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त चीड आली.

मी लगेच हो म्हणाले नाही. हे सांगायची लाज वाटते, पण सांगते. पाचेक मिनिटं मी तिथे उभी राहून फक्त माझा विचार केला. माझी नोकरी, माझी पेन्शन, निवृत्तीच्या दिवशी शाळेत होणारा सत्कार. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं आयुष्य पलीकडच्या खोलीत बसलंय आणि मी नारळ-शालीचा विचार करतेय, हे ध्यानात आल्यावर माझा मलाच असा संताप आला की मी तरातरा मांडवात परत गेले. चांगुलपणानं माझ्याकडून ते काम झालं नसतं. रागानं झालं.

"कागद द्या," मी म्हणाले.

कोरा कागद कुणाकडेच नव्हता. खुर्चीवर लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता, त्यातली एक घेतली. पोलीस ताईंनी पेन दिला. पत्रिकेच्या पाठीवर मी लिहिलं: 'मी प्रमिला गणपत कुलथे, लिहून देते की कु. शिवकन्या मुंजाजी लाटे हिचे वय पहिलीत दाखल करताना साडेचार वर्षे असूनही ते सहा पूर्ण असल्याचे मी जाणूनबुजून लिहिले. तिची जन्मतारीख १ जून २००४ ही खोटी आहे. ती माझ्या मनाने टाकली आहे.' खाली सही केली. दाखल्यावरच्या सहीसारखीच.

भाऊसाहेबांनी वाचलं. "याला आधार पाहिजे. आईबापांपैकी कुणीतरी सांगावं लागेल."

"मी काही सांगत नसतो," मुंजाजी म्हणाला.

आतून आशामती आली. हात मनगटापर्यंत हळदीनं माखलेले. डोक्यावरचा पदर सावरायला तिनं कोपराचा उपयोग केला.

"वसुबारसेची हाय," ती म्हणाली. "मीच बाईला म्हणले होते, न्या म्हणून."

"आत हो," मुंजाजी म्हणाला.

"जाते की. सांगून जाते." मग ती भाऊसाहेबांकडे वळली. "अंगणवाडीच्या वहीत हिचं वजन लिव्हलेलं हाय. दोन किलो शंभर. तारीख बी हाय. बघून घ्या."

अंगणवाडीची जुनी वही तिथल्या पेटीतून निघाली. त्यात वजन होतं, तारीख होती. एकोणतीस ऑक्टोबर दोन हजार पाच. एक वाजायच्या आत लग्न थांबलं. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही, असं हमीपत्र मुंजाजीकडून लिहून घेतलं. नवऱ्याकडच्यांना फोन गेला, त्यांनी मुंजाजीचा आणि माझा दोघांचा उद्धार केला. शिजलेला भात वाया कशाला घालवायचा म्हणून गावानं पंगत मात्र उठवली. ज्यांनी मला हसून घेतलं होतं त्यांनीच जेवता जेवता "बाई खमक्या निघाल्या" म्हणून घेतलं. मी जेवले नाही. पण स्कूटीवरून घरी जाताना मला वाटत होतं, मी जिंकले.

पुढे चौकशी झाली. ते केंद्रप्रमुख तोवर निवृत्त होऊन नातवंडं खेळवत होते. आपण असं काही बोललोच नव्हतो, असं त्यांनी लिहून दिलं. माझी एक वेतनवाढ थांबली आणि सेवापुस्तकात शेरा आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खोटं लिहिलं होतं, शिक्षा झाली.

राग येतो तो पुढच्याचा. शिवकन्येला बारावीला बाहत्तर टक्के पडले. मी पेढे घेऊन गेले. मुंजाजी ओट्यावर बसला होता.

"सीईटीला कधी धाडताय?" मी विचारलं.

"कुणाला?"

"शिवकन्येला."

"ती ल्हान हाय ना बाई?" तो म्हणाला. "तुमीच लिहून दिलंय. सरकारनं बी शिक्का मारलाय. एवढं ल्हान लेकरू परभणीला एकटं कसं धाडायचं? मोठं होऊ द्या."

मी तासभर भांडले. दोनदा केंद्रावरच्या साहेबांना घेऊन गेले, एकदा तिच्या मामांना. मुंजाजीचं उत्तर एकच. लग्नाला लहान, तर कॉलेजलाही लहान. लग्नाला लहान असल्याचा कायदा होता, कॉलेजला पाठवलंच पाहिजे असा कायदा नव्हता, आणि मुंजाजी कायदा पाळणारा माणूस. सीईटी गेली. पुढच्या वर्षीचीही गेली. ती पोर सतरा महिने घरात बसून राहिली. धाकट्यांचे अभ्यास घ्यायचे, आईबरोबर रानात जायचं, आणि गावात निघाली की 'पोलिसांनी लग्न मोडलेली' हे नाव.

दोन हजार तेवीसच्या दिवाळीनंतर मुंजाजी तालुक्याला माझ्या घरी आला. तोच इस्त्रीचा शर्ट, तीच फाईल. त्यानं आधी एक लॅमिनेशन केलेला कागद काढून माझ्या पुढ्यात ठेवला. शिवकन्येचा जन्मदाखला. वर्षभर कोर्टाचे हेलपाटे घालून त्यानं तो खऱ्या तारखेचा काढून आणला होता. मग त्यावर पत्रिका ठेवली.

"मोजून घ्या बाई," तो म्हणाला. "अठरा पूर्ण. हमीपत्र पाळलं. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरलाय. भाऊसाहेब येणारेत. तुमी बी या."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच अवघड होतं. त्यानं सगळं मनापासून नियमानं केलं होतं. पत्रिकेवर 'प्रमुख उपस्थिती' खाली आमदार, सरपंच, आणि सगळ्यांत शेवटी 'आदर्श शिक्षिका कुलथे बाई'. मी तारखा मोजल्या. दोनदा मोजल्या. त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. आता कुणाला फोन करायचा? काय म्हणून तक्रार करायची? मुंजाजी चहा पिऊन गेला आणि मी कपबशी विसळताना एक बशी फोडली.

हळदीच्या दिवशी मी गेले. शिवकन्या आतल्या खोलीत पाटावर बसली होती. बाया हळद कांडायला उखळाकडे गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघीच.

"बाई, जेवून जा," ती म्हणाली.

"शिवकन्या, तुला हे लग्न करायचंय का?"

ती हसली, पण ते हसू मला झोंबलं.

"आता इचारालाव?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या दिशी मी दारात येऊन म्हणले, मी बोलू का. भाऊसाहेब म्हणले, आधी तारीख. तुमी म्हणलाव, आत जा. बाई, मी सोळाची असते तरी न्हाईच म्हणणार होते, अठराची असते तरी न्हाईच म्हणणार होते. कागदावर तर मी अठराचीच व्हते, मग माझ्या न्हाईवर लगीन थांबलं असतं. पोलीस ताईजवळ पेन व्हता. माझं एक वाक्य लिहून घेतलं असतं तर तुमच्या नोकरीला बी धक्का लागला नसता. पण तुमी सगळे मिळून माझं वय हुडकीत बसलाव. अन् मग सतरा महिने आबा बी तेच मोजीत बसला."

आयुष्यभर पोरांना उत्तरं विचारली, आणि एवढा साधा प्रश्न या पोरीला विचारायचं त्या दिवशी मला सुचलं नव्हतं. मी आले होते तिला वाचवायला. वाचवणाऱ्याला विचारायची कुठे गरज असते?

"मग आता सांग," मी शेवटी म्हणाले.

"आता सांगून काय?"

"आता तू खरोखर अठराची आहेस. मी काही करणार नाही. तू सांगशील ते ऐकेन, तेवढंच."

हाताला लागलेली हळद तिनं एकेका बोटावरून पुसून काढली. मग उठली आणि माझ्या पुढे चालत अंगणात गेली. अंगणात मुंजाजी, नवऱ्या मुलाचे काका आणि हनवते भाऊसाहेब चहा घेत बसले होते.

"आबा, मला हे लगीन करायचं न्हाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणातलं बोलणं थांबलं. "मी परभणीला चालले. मामाकडं राहीन, सीईटीचा अभ्यास करीन."

"आत हो," मुंजाजी म्हणाला.

"न्हाई जात. आबा, मी अठराची हाय."

नवऱ्या मुलाचे काका उठून उभे राहिले. मुंजाजीचा चेहरा उतरला. त्यानं भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला.

"मुंजाजी, आता मला यात काही करता येत नाही," ते म्हणाले.

मग मुंजाजी माझ्याकडे वळला. त्या माणसाचा मी सतरा महिने मनातल्या मनात उद्धार केला होता, पण त्या क्षणी तो भांबावलेला दिसत होता. त्यानं नियमाप्रमाणे सगळं केलं होतं आणि नियमानंच त्याला दगा दिला होता.

"बाई, तुमी गुरू. तुमी तरी सांगा हिला," तो म्हणाला.

"मी काय सांगणार, मुंजाजी? दाखला तुमच्याच फाईलीत आहे."

त्यानं हात उगारला. तो तिच्यावर की माझ्यावर ते कळलं नाही, कारण आशामती मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती तिनं लेकीकडे दिली. पिशवी कधी भरून ठेवली होती, हे मी आजवर विचारलेलं नाही.

शिवकन्या माझ्या स्कूटीवर बसली. पिवळ्या साडीतच. परभणीपर्यंत दीड तास लागला. मामाच्या गल्लीच्या तोंडाशी ती उतरली, पिशवी खांद्याला लावली, "येते" म्हणाली, आणि चालायला लागली. पुढं तिनं काय केलं, ते तिचं ती सांगेल.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. सत्कार झाला, शालही मिळाली. अठरा की एकवीस, यावर कुठे चर्चा निघाली की लोक मला विचारतात, बाई, तुमचं काय मत? माझं मत असं आहे की शिवकन्येनं त्या दिवशी माझे आभार मानले नाहीत ते बरोबर केलं. तिचं वय मी दोनदा हलवलं. एकदा पुढे, एकदा मागे. दोन्ही वेळा तिच्या भल्यासाठी, आणि दोन्ही वेळा तिला न विचारता.